उभ्या दैवताच्या गावातील अंथरूण

आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी, सुमुहूर्त पाहून, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील शेजघरातून देवाचा पलंग बाहेर काढण्यात येतो, आणि त्या दिवसापासून यात्रा सरेपर्यंत देवाला निद्रा नाही, शेजारती नाही, अहोरात्र दर्शन देत उभे राहणे एवढाच त्याचा कार्यक्रम उरतो. गावात या विधीला ‘पलंग निघणे’ असे साधे नाव आहे. बाहेरगावच्या यात्रेकरूचे लक्ष त्या वेळी दर्शनबारीच्या लांबीकडे असल्यामुळे त्याच्या ध्यानात सहसा न येणारी एक गोष्ट त्याच दिवशी गाभाऱ्यात घडते : विटेवर उभ्या असलेल्या मूर्तीच्या पाठीशी मऊ कापसाचा एक लोड ठेवला जातो आणि तिकडे रुक्मिणीमातेच्या पाठीला तक्क्या दिला जातो. इतके दिवस सतत उभे राहावयाचे म्हणजे देवाची पाठ भरून येणारच, कंबर अवघडणारच, तेव्हा तिला आधार हवा, अशी या वहिवाटीमागची सरळ घरगुती समजूत आहे. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते, त्या दिवशी देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, चरणांना लिंबू आणि साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात, आणि मग पलंग पुन्हा शेजघरात जाऊन रात्रीची शेजारती पूर्ववत सुरू होते.

अनंतशयन करणाऱ्या देवांची क्षेत्रे या देशात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भक्तांना आपल्या देवाच्या पाठीची काळजी करण्याचे कारण पडत नाही. ज्या गावचा देव दोन्ही हात कटीवर ठेवून उभा आहे, त्या गावाला मात्र पाठ टेकणे ही काय चीज आहे याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला, असे मला नेहमी वाटत आले आहे. ही उपचारव्यवस्था ज्यांच्या हाती होती त्या बडवे मंडळींचे आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे या सेवाधाऱ्यांचे हक्क, त्यांच्या पाळ्या आणि त्यांचे तंटे हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पोशाख झाल्यावर देवाला आरसा दाखवावयाचा तो डिंगऱ्यांनी, शेजारतीच्या वेळी दिवटी धरावयाची ती दिवट्यांनी, असा एकेका उपचाराचा मान एकेका घराण्याकडे चालत आला होता. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने या वंशपरंपरागत हक्कांना हात घातला, आणि दीर्घकाळ चाललेल्या कज्जाचा शेवट जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने झाला. हक्क गेले, पाळ्या गेल्या, कारभार समितीकडे आला. पण आषाढात देवाच्या पाठीशी लोड ठेवण्याची चाल कोणी मोडली नाही.

देवाच्या पाठीची तजवीज अशी झाली. त्याच्या भेटीला पायी येणाऱ्याच्या पाठीची तजवीज कोण करीत होते, हा पुढचा प्रश्न, आणि तोच या लेखाचा खरा विषय आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला लष्करी शिस्तीचे आजचे रूप दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि वाट जवळजवळ तीन आठवड्यांची. चालणाऱ्यांत वयाची साठी ओलांडलेले स्त्रीपुरुष पूर्वीही पुष्कळ असत आणि आजही असतात. आज दिंडीमागून मालमोटार चालते, तीत प्रत्येकाची वळकटी नाव घालून रचलेली असते आणि मुक्कामावर तंबू आधीच उभा असतो. मोटारी येण्यापूर्वी जे काही अंथरावयाचे ते खांद्यावरून, किंवा दिंडीत एखाद्याची बैलगाडी असलीच तर तिच्यातून आणावे लागे. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करीत वाखरीच्या तळावर पोहोचेपर्यंत पायांखाली आषाढातली काळी जमीन, आणि रात्री पाठीखालीही तीच. अशा माणसाने घेऊन घेऊन काय घ्यावे? जे पावसात डोक्यावरून खोळ करून पांघरता येईल, उन्हात घडी करून खांद्यावर टाकता येईल, थंडीत अंगाभोवती लपेटता येईल आणि ओल्या जमिनीवर अंथरले असता ओल वर येऊ देणार नाही, असे एकच वस्त्र या मुलखात होते, आणि ते म्हणजे घोंगडी.

घोंगडीचा आणि पंढरीचा संबंध केवळ बाजारपेठेचा नाही. विठ्ठल हा मुळात दक्षिणेतील गवळी-धनगरांचा, गुराढोरांमध्ये रमणारा देव असावा, ही उपपत्ती डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 च्या ग्रंथात विस्ताराने मांडली, आणि तिच्या पुष्ट्यर्थ पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल व धनगरांचा देव बिरदेव यांच्या जोडीने होणाऱ्या पूजेकडे लक्ष वेधले. ही उपपत्ती सर्वांना मान्य आहे असे नाही. परंतु मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीच्या यात्रेत दिवाळीच्या सुमारास भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या घोंगड्यांचा तो समुदाय ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या देवाचे मूळ माळरानावर शोधणारा पंडित अगदीच भलतीकडे गेला असे म्हणवणार नाही. मेंढपाळाला घोंगडी ही आसन, शेज, छत्री आणि देवपूजेचे सोवळे अशी सर्व काही असते. तिच्यावर साप चढत नाही अशीही त्याची श्रद्धा आहे. सापाचे मत कोणी विचारलेले नाही.

घोंगडी विणणारे मुख्यत्वेकरून सणगर, आणि धनगरांपैकी खुटेकर. 1884 साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सणगरांची नोंद लोकरीचे विणकर म्हणूनच आहे. कच्चा माल म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर : आखूड, भरड, बहुधा काळी किंवा तपकिरी, रंगविण्याची गरज नसलेली, आणि कातरणीच्या वेळी धुळीने व काट्याकुसळांनी भरलेली. कोकराच्या अंगावरची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ. जावळाची घोंगडी म्हणून जी मिळते तिला किंमत जास्त, आणि ती ऐपतवाल्याच्या घरी किंवा बाळंतिणीच्या खोलीत दिसावयाची. लोकर निवडणे, पिंजणे आणि चरख्यावर सूत काढणे हे काम घरातील बायकांचे, आणि या धंद्याचा निम्म्याहून अधिक वेळ त्यातच जातो. पण मागावर बसतो त्याचे नाव होते, चरख्यावर बसते तिचे होत नाही. आपल्या बहुतेक धंद्यांप्रमाणेच.

या सगळ्यात मला विशेष वाटते ती खळ. ताणा लावण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून आणि शिजवून केलेला हा चिकट लगदा उघड्या गल्लीत ताणलेल्या काळ्या सुतावर कुंच्याने फासला जातो आणि उन्हात वाळू दिला जातो, आणि मग खड्ड्याच्या मागावर, पाय खड्ड्यात सोडून, विणकर धोटा फेकू लागतो. भरड लोकरीचे सूत मागाचा ताण सोसण्याइतके घट्ट व्हावे म्हणून ही खळ. तिचा परिणाम मात्र विकत घेणाऱ्याच्या पाठीला जाणवतो. नवी घोंगडी ताठ असते, दुमडली तर पुठ्ठ्यासारखी उभी राहते आणि अंगाला टोचते. जसजसे तिच्यावर झोपावे, उन्हात झाडावे, पावसात भिजवावे, तसतशी खळ निघून जाते, लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून दाटतात आणि पाचसहा वर्षांनी तीच घोंगडी जमिनीचा कठीणपणा तेवढा कमी करील पण अंगाला रुतू देणार नाही अशा मध्यम अवस्थेला येते. ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोगही अशाच एखाद्या घरी जन्मला असला पाहिजे, कारण चिंब झालेली लोकर किती जड होते आणि वाळावयास किती दिवस घेते, हे ज्याने ती वळणीवर टाकून वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. सरकारदरबारी अडकलेल्या प्रकरणांना याहून चपखल उपमा सुचणे कठीण.

मागावर न विणता केलेली लोकरीची शेजही या भागात होती. लोकर जमिनीवर थरांनी पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून, हातापायांनी दाबून आणि मळून तिचा जो जाड, एकजीव थर करतात त्याला बुरणूस किंवा जेन म्हणतात. हे घोंगडीपेक्षा जाड आणि दबले तरी पुन्हा उठणारे, म्हणून बसण्यासाठी व निजण्यासाठी अधिक सुखाचे. पण पांघरावयास निरुपयोगी, आणि म्हणूनच प्रवासी वारकऱ्यापेक्षा घरी बसलेल्या म्हाताऱ्याच्या कामाचे. आजच्या दुकानदाराला गादीवर अंथरावयाची आणखी एक पातळ गादी विकावयाची असते आणि तिला तो ‘टॉपर’ म्हणतो. ही वस्तू आपल्याकडे प्रथमच आली असे ज्यांना वाटते त्यांनी एखादे जुने जेन पाहावे.

आपल्या जुन्या अंथरुणाची भाषाच थरांची आहे. खाली तरट किंवा चटई, तीवर सतरंजी, तीवर घोंगडी, घोंगडीवर वाकळ, आणि असलीच तर पासोडी. ज्याची जेवढी ऐपत तेवढे थर, आणि ज्याची जेवढी दुखणी त्याप्रमाणे त्या थरांचा क्रम. बाळंतिणीला घोंगडी वर आणि वाकळ खाली, म्हाताऱ्याला वाकळ वर आणि घोंगडी खाली, असे बदल घरची वडीलधारी बाई बोलता बोलता करीत असे. वाकळ म्हणजे जुनी लुगडी एकावर एक घालून, धावदोऱ्याने दाट शिवलेले जाड पांघरूण. तिचे वजन आणि तिचा मऊपणा किती लुगड्यांची आहे यावर ठरे. तेव्हा पाठीला किती कठीण आणि किती मऊ लागते हे मोजून, एकेक थर काढून किंवा घालून ठरविण्याची सोय या पद्धतीत अंगभूतच होती. एकसंध जाड गादीत ती नाही.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी. शिवकालीन अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता, आणि तंबू, कनाती, गालिचे, बिछायती, लोड, गिरद्या यांचा सगळा जामानिमा त्याच्याकडे असे. पुण्यात आज फरासखाना म्हटले की लोकांना पोलिसांची चौकी आठवते, हा काळाचा विनोद आहे. शिंदे, होळकर आणि इतर सरदारांनी पंढरपुरात वाडे बांधले, आणि त्या वाड्यांतून कापसाच्या गाद्या, रजया आणि लेप आले. त्यांच्याबरोबर पिंजाऱ्याच्या धंद्यालाही बरकत आली असणार. या मुलखातील नदाफ हे आडनाव अरबी भाषेतील कापूस पिंजणाऱ्याच्या नावावरून आले आहे. खांद्यावर पिंजण टाकून, तिची तात बोटाने छेडीत गल्लीतून जाणाऱ्या पिंजाऱ्याचा तो टणत्कार ज्यांनी ऐकला आहे त्यांची पिढी आता स्वतःच पाठदुखीच्या वयाला आली आहे. दर एकदोन वर्षांनी, बहुधा उन्हाळ्यात, गादी उसवावयाची, गोळे झालेला कापूस अंगणात पसरून ऊन द्यावयाचे, पिंजाऱ्याने तो पिंजून ढगासारखा फुलवावयाचा, पुन्हा खोळीत भरून वर टाके घालावयाचे. दिवसभर घरात कापसाचे तंतू उडत, मुलांना अंगणात यावयाची बंदी असे, आणि रात्री त्या फुगलेल्या गादीवर प्रथम कोणी झोपावे यावरून जे भांडण होई त्याचा निकाल बहुतेक वेळा आजोबांच्या बाजूने लागे. कापसाची गादी दबते, तिच्यात माणसाच्या आकाराचा खड्डा पडतो, हा तिचा दोष खरा. पण तो दूर करणारा माणूस दारावरून जात होता. आजची गादी दबली की ती फेकून द्यावी लागते.

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी 1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपुरास आली आणि 1927 मध्ये ती मिरजेपर्यंत गेली. त्या अडीच फुटी रुळांवरून यात्रेकरू आले, तशी गिरणीची चादर आणि कापडही आले. ज्यांना रेल्वेचे भाडे परवडे त्यांना वाटेवर झोपण्याचा प्रसंगच उरला नाही, तरी गावात उतरल्यावर निजावे कोठे हा प्रश्न होताच. क्षेत्रोपाध्यांचे वाडे होते, मठ होते, धर्मशाळा होत्या, आणि तेथे कोणाला प्रवेश आहे व कोणाला नाही याचे नियमही होते. ज्यांना कोठेच प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी 1920 साली चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः अंगावर चिंध्यांचे गोधडे वागविणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पाठीखाली फरशी आणि डोक्यावर छप्पर आणून दिले. अंथरुणाच्या इतिहासात या गोष्टीला जागा हवी, कारण घोंगडी कितीही चांगली असली तरी ती अंथरण्यापुरती जमीन प्रथम मिळावी लागते.

विसाव्या शतकाने झोपेच्या सामानात जो फरक केला तो त्याआधीच्या कित्येक शतकांनी केला नव्हता. 1929 च्या सुमारास इंग्लंडात रबराच्या चिकाला फेस आणून डनलॉपची गादी तयार झाली, आणि आपल्याकडे कितीतरी वर्षे फोमच्या कोणत्याही गादीला ‘डनलॉपची गादी’ म्हणत. 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला, त्यातून पुढे स्वस्त फोम निघाला. 1966 मध्ये अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी, विमानाच्या आसनांकरिता, चार्ल्स योस्ट यांनी जो फोम तयार केला तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि दाब काढल्यावर सावकाश मूळ आकारात येतो. त्याला आज मेमरी फोम म्हणतात आणि गादीवर घालावयाच्या पातळ गाद्या बहुधा त्याच्याच असतात. इकडे सोलापूरच्या जॅकार्ड चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. पानिपतच्या कारखान्यांतून जुन्या कपड्यांच्या लोकरीची स्वस्त ब्लँकेटे आली. दख्खनी मेंढीची लोकर कोणी विचारीना, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली आणि सणगरांच्या घरातील माग एकामागून एक खोलीच्या कोपऱ्यात गेले. सांगोले तालुक्यात महूद येथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे आणि घोंगडी व जेन यांची विक्री महामंडळाकडून होते, एवढाच काय तो सरकारी आधार.

आता प्रश्न असा की, वृद्धाच्या दुखऱ्या पाठीला या सगळ्यांपैकी काय हितकर? घोंगडीचे अभिमानी सांगतात की तिचे टोचणे म्हणजेच मालिश, ती वात ओढून घेते, तिच्यावर निजणाऱ्याला कंबरदुखी होतच नाही. यातील वात ओढण्याचा भाग मी मान्य करू शकत नाही, आणि आयुष्यभर घोंगडीवर निजलेले पण कमरेतून वाकलेले धनगर मी पाहिले आहेत. दुसऱ्या बाजूला, पाठ दुखते म्हटले की ‘फळीवर झोपा’ असे सांगण्याची डॉक्टरांची एक पिढीच होऊन गेली. तिच्या उपदेशाची परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांपैकी काहींना कठीण आणि काहींना मध्यम कठीण गादी देऊन, कोणाला कोणती दिली हे त्यांना न कळू देता, कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वद दिवस निरीक्षण केले आणि निष्कर्ष 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मध्यम कठीण गादीवर निजलेल्यांची पाठ अधिक सुधारली. फळीचा पक्ष हरला, आणि लोण्यासारख्या मऊ गादीचा पक्ष तर परीक्षेलाच बसला नव्हता. लोकरीच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ ओली न लागता शोषते आणि शोषताना किंचित ऊब सोडते. आणि तिचे तंतू जाड असल्यामुळे ते टोचतात, ज्यात औषधी असे काही नाही.

आमच्या घरातील एक उदाहरण सांगतो. माझी एक मावशी पंढरपुरात नदीच्या अंगाला एका जुन्या माडीवर राहते. वयाच्या पंचाहत्तरीनंतर सकाळी उठताना तिची कंबर धरू लागली, तेव्हा मुलाने एका दुकानातून गादीवर घालावयाची चार इंच जाडीची मऊ गादी आणली. वैशाखातले दिवस होते. पहिल्या रात्री तिला बरे वाटले. तिसऱ्या रात्रीपासून तिची तक्रार सुरू झाली, ती तिच्याच शब्दांत : “अरे, कणकेत बसल्यासारखं होतंय. कूस बदलायची म्हणजे आधी त्या खड्ड्यातून वर यायचं, आणि वर आले की दम लागतो. शिवाय खालून शेगडी पेटवल्यासारखं गरम.” यात गादीइतकाच मोजमापाचा दोष होता, कारण खालची जुनी कापसाची गादी मधोमध बसलेली होती, आणि बसलेल्या गादीवर कितीही चांगला थर घातला तरी तो त्याच खड्ड्याचा आकार घेतो, हे कोणी पाहिले नव्हते. दुकानदाराने गादी परत घेतली नाही. मग मावशीने स्वतःच तोड काढली. खालची गादी काढून तिचा कापूस पिंजून घेतला, ती लाकडी दिवाणावर सपाट घातली, तिच्यावर माळ्यावरची तिच्या सासऱ्यांची घोंगडी दुहेरी करून अंथरली आणि तिच्यावर सुती चादर. उताणे निजून कमरेखालच्या पोकळीत हात घालून पाहिला. हात सहज आरपार जाई, म्हणजे अजून कठीण आहे, म्हणून एक पातळ वाकळ वाढविली. मग हात जेमतेम शिरू लागला. दिवाणाला खालून विटा लावून उंची अशी केली की बसल्यावर पाय जमिनीला पुरते टेकावेत. दुखणे नाहीसे झाले नाही, वयाचे दुखणे तसे जात नाही. पण उठताना दाराची चौकट धरण्याची तिला आता गरज पडत नाही, आणि ती मऊ गादी सध्या नातवाच्या खेळण्याला उपयोगी पडते.

यंदा आषाढी होऊन गेल्यावर, पौर्णिमेच्या गोपाळकाल्यानंतर गाव रिकामे होऊ लागले तेव्हा, मावशीसाठी नवी घोंगडी पाहावी म्हणून मी बाजारात गेलो. माणदेशाकडून आलेला एक विक्रेता रस्त्याकडेला घोंगड्यांची थप्पी लावून बसला होता. माझ्याआधी एक वृद्ध वारकरी उभा होता. त्याने एक घोंगडी उचलली, आडवी धरून उजेडाकडे केली आणि विणीतून ऊन किती येते ते पाहिले. मग दशा बोटांवर गुंडाळून ओढल्या, तुटतात का ते बघितले. शेवटी कोपरा गालाला घासला आणि डोळे मिटून क्षणभर तसाच उभा राहिला.

“टोचतीया, माउली,” तो म्हणाला.

“नवी हाय न्हवं, खळ हाय तिच्यात. दोन पावसाळं झाले की बघा. कुणाला हवीय?”

“मालकिणीला. पाठ धरलीया तिची, औंदा वारीला आली न्हाई.”

विक्रेत्याने थप्पीच्या तळाशी हात घातला आणि दुसरी, तपकिरी, वापरलेली वाटावी अशी एक घोंगडी ओढून काढली. “ही आमच्या घरची. धुऊन आणलीया. खळ गेलीया. म्हाताऱ्या मानसाला हीच न्या,” तो म्हणाला आणि नवीपेक्षा कमी पैसे सांगू लागला. म्हाताऱ्याने घासाघीस केली नाही. घोंगडीची लांबट घडी घालून त्याने ती आपल्या वळकटीवर आवळली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि एस.टी. स्टँडची वाट विचारली.